ईस्टर : पुनरुत्थान आणि पाठवणी

उत्तम शुक्रवारचा अर्थ पुष्कळांच्या सहज ध्यानी येतो. एका निरपराध पुरुषास वधस्तंभावर खिळिले, हे दुःख कोणत्याही धर्माच्या मनुष्यास कळते. परंतु त्यापुढील रविवारी ख्रिस्ती लोक कशाचा आनंद करितात, हे समजावयास कठीण. आमच्या वाचकांत निरनिराळ्या धर्मांची घरे आहेत, म्हणून हा विषय घेतला आहे.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म नव्हे. पुनर्जन्मात जीव नवा देह घेतो आणि मागील नात्यांची ओळख बहुधा उरत नाही. येथे तर तोच येशू, हातांवर खिळ्यांचे व्रण घेऊन, आपल्या मित्रांस भेटला असे शुभवर्तमान सांगते. शिवाय हे लाजराच्या उठण्यासारखेही नव्हे. लाजर उठला खरा, पण त्यास पुढे मरण होतेच. ख्रिस्त मरणाच्या पलीकडे गेला, अशी मंडळीची श्रद्धा आहे. पौलाने करिंथकरांस हे दाण्याच्या दृष्टांताने समजाविले. पेरितो तो दाणा आणि उगवते ते रोप ह्यांचे रूप एक नसते, तरी दाण्यावाचून रोप नाही. ईस्टर येतो तो २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यांच्या दरम्यान. तेव्हा बोरी बुद्रुकच्या कुकडीकाठी गव्हाचे पीक हाती आलेले असते. तेथील मुलांस हा दृष्टांत अधिक फोडून सांगावयास नको.

रिकामी कबर प्रथम पाहिली ती स्त्रियांनी. त्या काळच्या यहूदी समाजात स्त्रियांच्या साक्षीस फारसे वजन नसे, आणि प्रेषितांनीही त्यांचे बोलणे आधी खरे मानिले नाही. गोष्ट रचावयाची असती, तर रचणाराने असे साक्षीदार खचित निवडिले नसते, असे आम्हांस वाटते. मग्दालीया मरीयेने प्रभूस प्रथम माळीच समजले. ओळख पटताच तिला आज्ञा झाली ती तेथे थांबण्याची नव्हे, जाऊन सांगण्याची. 'मिशन' ह्या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थही पाठविणे हाच. बळाने अथवा आमिषाने कोणास ओढणे त्यात बसत नाही. जेथे तसे झाले असेल, तेथे ईस्टरचा अर्थच कळला नाही असे म्हणावे लागेल.

हा अर्थ आचरणात कसा उतरतो, ह्याचे उदाहरण आपल्याच पुणे जिल्ह्यात, केडगावी आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्यप्रांतांतून उपाशी मुली व विधवा आणून तेथे त्यांस आसरा दिला. खेड्यांतील साध्या स्त्रियांस बायबल समजावे म्हणून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून ते सोप्या मराठीत उतरविण्याचे काम हाती घेतले व त्यात अनेक वर्षे घालविली. २४ जुलै १९२१ रोजी त्यांची एकुलती एक कन्या मनोरमाबाई वारली. ज्या मुलीच्या हाती संस्था सोपवावयाची, तीच आधी गेली. आईचे दुःख श्रद्धेने नाहीसे होते असे आम्ही म्हणत नाही. मरीयाही कबरेपाशी रडतच उभी होती. परंतु रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या निवर्तल्या. त्या वर्षीचा ईस्टर ११ दिवसांनी, १६ एप्रिलास आला. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली.