जुन्या एंजिनांचा दुसरा संसार

आगगाडीचें एंजिन म्हटलें म्हणजे तें कारखान्यांतून नुकतेंच बाहेर पडलेलें असावयाचें, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत असते. परंतु लहान लोहमार्गांचा इतिहास पाहूं गेल्यास असें दिसून येतें कीं, त्यांपैकीं कित्येकांचा प्रपंच दुसऱ्यानें वापरून टाकलेल्या एंजिनांवरच चालला आहे. गीतेंत जीर्ण वस्त्रांचा दृष्टान्त आहे; तेथें देही तोच राहतो आणि देह पालटतो. येथें प्रकार नेमका उलटा. देह तोच, धनी मात्र पालटतो.

प्रथम आपल्या करवीरचेंच उदाहरण घेऊं. कोल्हापूर-मिरज हा सुमारें २९ मैलांचा मार्ग दरबारच्या मालकीचा होता. श्रीशाहू छत्रपतींच्या हस्तें १८८८ सालीं त्याची कोनशिला बसली व १८९१ सालीं त्यावरून गाडी धांवूं लागली. रूळ दरबारचे, पण गाडी चालविण्याचें काम मात्र सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडे होतें. यांत नवल कांहींच नाहीं. अवघ्या तीस मैलांसाठीं स्वतंत्र एंजिनें घ्यावयाचीं, त्यांचा दुरुस्तीचा कारखाना काढावयाचा व कारागीर बाळगावयाचे, हा खर्च उत्पन्नास कसा पेलणार? आंखूड मार्गाची पहिली अडचण नेहमीं एंजिनाचीच असते.

ही अडचण डिझेल एंजिनानें बरीच दूर केली. त्यांत तेलावर चालणारें यंत्र विद्युज्जनित्र फिरवितें आणि त्या विजेनें आंसांवरील मोटारी फिरतात. वाफेच्या एंजिनास पाणी, कोळसा व भट्टीपुढें घाम गाळणारा माणूस लागे. शिवाय बाष्पपात्र जीर्ण झालें कीं सगळाच ग्रंथ आटोपे. डिझेल एंजिनें एकाच नमुन्यावर शेंकड्यांनीं घडविलीं गेलीं. त्यामुळें एकाचा सुटा भाग दुसऱ्यास चालतो, व चार मोडक्यांतून दोन धडकीं उभीं करतां येतात. लांब पल्ल्याच्या वेगवान् गाडीस तीं अपुरीं पडलीं, तरी दहावीस डबे सावकाश ओढण्यास तीं पुरेशीं असतात.

याचा मोठा प्रयोग अमेरिकेंत झाला. तेथें १९८० सालच्या कायद्यानें रेल्वे कंपन्यांवरील निर्बंध सैल झाले, तेव्हां मोठ्या कंपन्यांनीं तोट्याच्या शाखा विकावयास काढल्या व शेंकडों लहान कंपन्यांनीं त्या घेतल्या. त्यांच्याजवळ भांडवल थोडें. जनरल मोटर्सचीं १९४९ पासून निघालेलीं १५०० अश्वशक्तीचीं व १९५४ पासून निघालेलीं १७५० अश्वशक्तीचीं एंजिनें मोठ्या कंपन्या टाकूं लागल्या होत्या. तीं या लहानांनीं उचललीं. केंटकी संस्थानांतील पडूका येथील कारखान्यांत तर १९६७ पासून अशा एंजिनांचा जीर्णोद्धारच चाले.

आमच्या वाचकांस याहून जवळची एक कथा सांगण्याजोगी आहे. न्यूयॉर्क संस्थानांतील आल्को कंपनीनें १९६२ मध्यें आपल्या देशास २६०० अश्वशक्तीचीं डिझेल एंजिनें पुरविलीं. तीच घडण पुढें १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यांत होऊं लागली. आल्कोनें १९६९ मध्यें एंजिनें बनविणें बंद केलें. पण तिचा वंश गंगातीरीं वाढत राहिला. पुणें-कोल्हापूर मार्ग १९७१ मध्यें रुंद झाल्यावर ज्या डिझेल एंजिनांच्या घरघरीनें स्टेशनाजवळचीं घरें हादरत, त्यांत याच कुळांतील पुष्कळ होतीं. इकडे हीं आपल्या गाड्या ओढीत असतां, तिकडे १९८६ सालीं निघालेली आर्कन्सॉ-मिसूरी ही लहानशी कंपनी सुमारें दीडशें मैलांचा मार्ग जुन्या आल्को एंजिनांवर वर्षानुवर्षें चालवीत होती. हजारों किलोमीटरांवर असे दोन सगोत्र राबत होते!

आतां आपल्याकडेहि जुन्या एंजिनांचा प्रश्न उभा राहिला आहे. १९९२ नंतर मीटर गेजचे मार्ग रुंद होऊं लागले व त्यांवरील डिझेल एंजिनें रिकामीं झालीं. त्यांतील कांहीं मलेशियाच्या रेल्वेनें भाड्यानें नेलीं. मागाहून वीज सर्वत्र पोंचली. २०२४ पासून तर पुणें-कोल्हापूर मार्गावर विजेची वन्दे भारत गाडीहि धांवूं लागली. मोकळीं झालेलीं रुंद मार्गाचीं १० एंजिनें २०२० मध्यें व आणखी २० एंजिनें २०२३ मध्यें बांगलादेशास देण्यांत आलीं. वाराणसीस दोन डिझेल एंजिनांचें मिळून विजेचें जोड एंजिन करण्याचाहि प्रयोग २०१९ पर्यंत सिद्धीस गेला. बाकीच्यांच्या नशिबीं बहुधा मोडींत निघणेंच असतें.

यावर कोणी म्हणेल, जुन्याचा एवढा सोस कशाला? आक्षेप अगदींच पोकळ नाहीं. जुनें एंजिन तेल अधिक पितें आणि धूर अधिक ओकतें. जेथें रोज पन्नास गाड्या धांवतात तेथें विजेचीच योजना शहाणपणाची. परंतु जेथें दिवसाकाठीं एखादुसरीच गाडी जाते, तेथें नव्या एंजिनाच्या किंमतीचें व्याजच उत्पन्न गिळून टाकील. वऱ्हाडांतील ‘शकुंतला’ पाहावी. खाजगी कंपनीच्या त्या अरुंद मार्गावर मॅंचेस्टरला १९२१ सालीं घडलेलें वाफेचें एंजिन १९९४ पर्यंत राबलें. मग डिझेल आलें. तरीहि अखेर ती गाडी थांबली. एंजिन पालटून भागलें नाहीं. कारण रूळ, पूल व डागडुजी यांकडे लक्ष देणारा धनी उरला नव्हता. यवतमाळ-मूर्तिजापूरकडील गरीब प्रवाशांचें स्वस्त वाहन त्यामुळें गेलें. लहान मार्ग मरतो तो एंजिनाच्या वयानें नव्हे, तर धन्याच्या अनास्थेनें, असा याचा इत्यर्थ आहे.

आपल्या घरांत आजीचें तांब्याचें पातेलें कल्हई लावून तीन पिढ्या चालतें, आणि जुन्या लुगड्याची गोधडी नातवास ऊब देते. ही काटकसर दारिद्र्याची खूण नव्हे, ती विवेकाची आहे. पुढच्या खेपेस स्टेशनावर बाजूच्या रुळावर धुरकटलेलें एखादें डिझेल एंजिन उभें दिसलें, तर मुलांस तें अवश्य दाखवावें, आणि त्यानें आजवर कोणाकोणाचें ओझें वाहिलें असेल, हेंहि सांगावें.