न तपासलेला आजार

डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध 'द लॅन्सेट'च्या १४ जानेवारी १९८९ च्या अंकात छापून आला. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया त्यांनी तपासल्या होत्या. नुसती प्रश्नावली भरून घेतली नव्हती. आतून तपासणी केली, स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, प्रयोगशाळेतल्या चाचण्या केल्या. ९२ टक्के स्त्रियांना एखादा तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. सरासरी काढली तर एका बाईमागे ३.६ आजार, आणि त्यातले निम्मे जननमार्गाच्या जंतुसंसर्गाचे. पुढे ९२ हा आकडा गाजला. मला त्याच निबंधातला दुसरा आकडा जास्त बोलका वाटतो: यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका होत्या अवघ्या ८ टक्के.

तोवर सरकारी दप्तरी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. या दोन्हींच्या मधल्या काळात तिच्या शरीराचं काय होतं, हे विचारण्याचा रिवाजच नव्हता. १९९४ ची कैरोची लोकसंख्या परिषद आणि त्यानंतर १९९७ मध्ये भारतात सुरू झालेला प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम यांमुळे जननमार्गाचे संसर्ग निदान कागदावर आले. गडचिरोलीच्या त्या निबंधाचा या बदलात वाटा होता. अर्थात आपल्याकडे या विषयावर उघडपणे लिहिणं तेव्हाच सुरू झालं असं नाही. र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून तेच करत होते आणि त्याबद्दल कोर्टाच्या पायऱ्याही चढत होते.

जननमार्गाच्या संसर्गांच्या वाटा तीन. पहिली लैंगिक संबंधांतून: परमा, उपदंश, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, हर्पीस, एचपीव्ही, एचआयव्ही. दुसरी वैद्यकीय हातांतून: अस्वच्छ बाळंतपण, चोरून केलेला गर्भपात, नीट निर्जंतुक न केलेल्या साधनांनी बसवलेली तांबी. तिसरी वाट आपल्याच अंगातली, आणि तिच्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू राहतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्यामुळे तिथला सामू साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि बाहेरच्या जंतूंना पाय रोवता येत नाहीत. प्रतिजैविकांचा मारा झाला, मधुमेह झाला, किंवा जंतुनाशकाने नाहीतर सुगंधी साबणाने आतपर्यंत धुण्याची सवय लागली की ही व्यवस्था बिघडते. मग कधी कॅन्डिडा ही बुरशी वाढते, दह्यासारखा स्राव आणि असह्य खाज सुरू होते. कधी दुसरेच जिवाणू माजतात, पातळ करडा स्राव आणि मासळीसारखा वास येऊ लागतो. याला बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. 'अंतर्गत स्वच्छते'साठी म्हणून ज्या बाटल्या आज औषधांच्या दुकानात दर्शनी भागात मांडलेल्या असतात, त्यांची योनिमार्गाला काडीची गरज नाही. बाहेरून साधं पाणी पुरतं.

पांढरं जाणं हा प्रत्येक वेळी आजार असतो असंही नाही. पाळीच्या मध्यावर, गरोदरपणात थोडा स्वच्छ, बिनवासाचा स्राव येणारच. पण आपल्याकडे अंगावरून पांढरं जातंय म्हणजे शरीरातलं सत्त्वच चाललंय, या समजुतीने बायका खचतात, हातपाय गळाल्याचं सांगतात, नि शक्तीच्या इंजेक्शनावर पैसे घालवतात. उलट ज्या आजाराची खरी धास्ती घ्यायला हवी तो गुपचूप येतो. क्लॅमिडिया झालेल्या बहुसंख्य स्त्रियांना काहीच जाणवत नाही. संसर्ग गर्भाशयाच्या मुखातून वर चढतो, गर्भनलिकांना सूज येते, त्या आतून चिकटतात. बाईला कळतं ते काही वर्षांनी, मूल राहत नाही म्हणून तपासायला गेल्यावर किंवा गर्भ नलिकेतच वाढून ती फुटल्यावर. नलिका बंद करणारा आणखी एक आपल्याकडचा जुना शत्रू म्हणजे क्षय, आणि मूल न होण्याचा दोष बाईच्या नशिबावर टाकणाऱ्या घरांत त्याचं नावही निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार क्लॅमिडिया, परमा, उपदंश आणि ट्रायकोमोनास या चार बऱ्या होणाऱ्या आजारांचे जगात वर्षाला ३७ कोटी ४० लाख नवे संसर्ग होतात. बऱ्या होणाऱ्या, हे मुद्दाम सांगतो. गरोदर बाईचा उपदंश बोटाच्या टोकावरच्या थेंबभर रक्ताने ओळखता येतो आणि सुरुवातीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनच्या २४ लाख युनिटच्या एका मात्रेने बराही होतो. तेवढं राहून गेलं तर मूल पोटातच दगावू शकतं किंवा आजार घेऊनच जन्माला येतं.

तालुक्याच्या गावातला कोणताही गर्दीचा दवाखाना डोळ्यांपुढे आणा. बाई स्टुलावर, पाठीमागे सासू नाहीतर नवरा. 'काय होतंय, ताई?' 'कंबर लई दुखती, डॉक्टर.' एवढ्यावर गाडी अडते. खरं सांगायचं आहे ते सांगायला सासू बाहेर जायला हवी आणि डॉक्टरला पाच मिनिटं हवीत. नवऱ्याला बाहेर थांबायला सांगून विचारलं तर पुढची दोन वाक्यं येतात: अंगावरून जातंय, संबंधाच्या वेळी दुखतं. तपासणीचं टेबल पडद्याआड असतं खरं, पण बहुतेक वेळा त्यावर औषधांची खोकी रचलेली. चिठ्ठी लिहून होते आणि पुढचा नंबर पुकारला जातो.

टेबल आणि प्रयोगशाळा नसली तरी उपचार व्हावेत म्हणून लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये रंगीत संच मिळतात. करडा संच गर्भाशयमुखाच्या संसर्गासाठी: अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम. हिरवा योनिमार्गाच्या दाहासाठी: सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल. पिवळा ओटीपोटाच्या सुजेसाठी. नर्सला रंग पाहून उमगतं, औषध फुकट आणि तिथल्या तिथे. पुरुषाच्या लिंगातून येणारा पू किंवा जननेंद्रियावरचे व्रण यांना ही पद्धत चांगली लागू पडते. स्त्रियांच्या स्रावाला मात्र ती लंगडी पडते. स्राव बहुतेक वेळा योनिमार्गातला असतो, मुखातल्या संसर्गाचा नसतो, आणि ज्यांना मुखाचा संसर्ग आहे त्यांना लक्षणंच नसल्याने त्या येतच नाहीत. त्यामुळे एकीला नको ती प्रतिजैविकं आणि दुसरीला काहीच नाही. म्हणूनच २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटना जिथे शक्य असेल तिथे चाचणी करूनच औषध द्यायला सांगते.

दुसरी लंगडी बाजू नवऱ्याची. त्यालाही गोळ्या द्यायच्या असतात. त्या तो घेत नाही, किंवा बायकोच त्याला सांगत नाही, कारण सांगितलं तर 'तू कुठून आणलंस?' हा पहिला प्रश्न तिलाच. महिन्याभरात ती पुन्हा दवाखान्यात. नुकतीच एक भर पडली आहे. बॅक्टेरियल व्हजायनोसिस हा लैंगिक आजार नव्हे, असं वैद्यक इतकी वर्षं मानत आलं. २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत निम्म्या जोडप्यांमधल्या पुरुषालाही गोळ्या आणि मलम दिलं. फक्त स्त्रीला औषध दिलं तेव्हा १२ आठवड्यांत ६३ टक्के स्त्रियांना आजार उलटला; दोघांना दिलं तेव्हा ३५ टक्क्यांना. बाईच्या 'अस्वच्छते'वर ज्याचं खापर फुटत होतं, त्यात पुरुषाचाही हिस्सा निघाला. सांगली-मिरजेत १९९२ पासून 'संग्राम' संस्थेच्या मीना शेषू आणि तिथल्या वेश्यांनी कंडोमचा आग्रह गिऱ्हाइकाकडे धरायला सुरुवात केली, ती नेमक्या याच जागी बोट ठेवून. घरच्या बाईला मात्र तो आग्रह अजून जड जातो.

न तपासलेल्या आजाराची सगळ्यात मोठी किंमत बीडने मोजली. तिथल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार स्त्रियांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं, म्हणजे सहा जणींत एक. राज्यात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २.६ टक्के होतं. वयोगटांचा फरक धरला तरी अंतर डोळ्यांत भरतं.

बातम्या आल्या त्या 'पाळी नको म्हणून पिशवी काढली' अशा. ते अर्धंच खरं. खाडा झाला की मुकादम पैसे कापतो, उचल अंगावर असते, नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, एक पडला की दुसऱ्याचंही काम बुडतं, हे सगळं खरंच आहे. पण दवाखान्यात बाई गेली ती बहुधा पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, अंगावर जास्त जातं म्हणून. फडात पहाटेपासून वाकून काम, पालाशेजारी ना संडास ना पाणी, तेच कापड धुऊन पुन्हा. तिला चाचणी हवी होती आणि आठवड्याच्या गोळ्या. तिला ऐकवलं गेलं, 'पिशवीला सूज आहे, तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल.' गर्भाशयमुखावरचा जो लालसर भाग 'जखम' म्हणून दाखवतात तो कित्येक तरुण स्त्रियांत अगदी नैसर्गिक असतो. आणि सगळ्यात कडू गोष्ट अशी की योनिमार्गाचा संसर्ग पिशवी काढल्याने जातच नाही. तो जिथे होता तिथेच राहतो. सोबत अंडाशयही काढले असतील तर चाळिशीच्या आत पाळी जाण्याचे सगळे भोग, ठिसूळ हाडांसकट, त्याच बाईच्या वाट्याला, आणि पुढच्या हंगामात पुन्हा मोळी डोक्यावर.

बीडमध्ये त्यानंतर खासगी रुग्णालयाला अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली गेली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं लागू करायला सगळ्या राज्यांना बजावलं. कात्रीवर पहारा बसला, हे चांगलंच झालं. तपासणीचं काय?

कॅन्सरची भीती दाखवणाऱ्यांना उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात होतं, हे विशेष. गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो एचपीव्हीच्या चिवट संसर्गाने. त्यातले १६ आणि १८ हे दोन प्रकार सुमारे ७० टक्के रुग्णांमागे असतात. उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने १,३१,७४६ स्त्रियांवर झालेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटाने त्याहून स्वस्त वाट दाखवली: साधारण दहावीपर्यंत शिकलेल्या प्रशिक्षित बायका, एक टॉर्च, कापसाचा बोळा आणि व्हिनेगरसारखं सौम्य आम्ल. बोळा मुखावर लावायचा, मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींचा भाग पांढरा दिसतो. तेवढ्याने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. या दोन्ही अभ्यासांत तुलनेसाठी ठेवलेल्या स्त्रियांना तपासणी मिळाली नाही, यावर झालेली टीका मला रास्त वाटते. पण त्यांच्यामुळे जे कळलं ते तरी आपण वापरलं का? पाचव्या राष्ट्रीय पाहणीत ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी फक्त १.९ टक्के स्त्रियांची ही तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेली होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'सर्व्हावॅक' लस २०२२ मध्ये मंजूर झाली, मुलींना ती मिळायलाच हवी. त्यांच्या आयांना मात्र लस फारशी उपयोगाची नाही, त्यांना हा बोळाच हवा.

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईने एकदा तरी तिथे जाऊन आतून तपासून घ्यावं, गर्भाशयमुखाची तपासणी मागून घ्यावी, आणि गोळ्या दिल्या तर नवऱ्याच्याही मागाव्यात. सोनोग्राफीचा एक कागद दाखवून, टेबलावर न घेताच कोणी 'पिशवी काढा' म्हणालं, तर तिथून उठावं आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं.