जुन्याला नवा लागतो

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात रुग्ण ३५ दिवस राहतो. खरा कस लागतो तो छत्तिसाव्या दिवसापासून. रस्ता तोच, त्यावरचा गुत्ताही तोच, पगाराची तारीख ठरलेली आणि ‘आज एकच घे रे’ म्हणणारे मित्र जागच्या जागी. म्हणून घरी गेलेल्यांसाठी फॉलोअपच्या बैठका असतात.

लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली, ती वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण उभं राहिलं. त्याची घडी बसवली ती येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम केलेल्या डॉ. अनिता अवचट यांनी. त्यांच्या काळापासून इथे व्यसनातून बाहेर आलेली माणसंच कार्यकर्ते झाली. मला हा निर्णय सगळ्यांत शहाणपणाचा वाटतो, आणि त्याचं मूळ फार लांब सापडतं.

मे १९३५. अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन नावाचा शेअर दलाल हॉटेलात एकटाच होता. धंद्यातला व्यवहार फसला होता, समोर बार होता, दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. त्याने फोन फिरवायला सुरुवात केली. त्याला हवा होता बोलायला दुसरा एखादा दारुडा! त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनची गाठ पडली. बॉबला उपदेश नको होता आणि बिललाही तो द्यायचा नव्हता. त्याला स्वतःची ती वेळ निभावायची होती. १० जून १९३५ हा बॉबच्या शेवटच्या पेल्याचा दिवस अल्कोहोलिक्स अनॉनिमसचा, म्हणजे ‘एए’चा, स्थापनादिन मानतात.

एएच्या मीटिंगला फी नाही, हजेरीपट नाही, आडनावही लागत नाही. एकेकजण स्वतःचं सांगतो, मध्ये कुणी तोंड घालत नाही. पंधरा वर्षं सोबर असलेला माणूस कशाला येतो, असं बाहेरच्याला वाटतं. पण पंधरा वर्षांत हातांची थरथर, बायकोचे विकलेले दागिने, सगळं धूसर होतं आणि ‘आता आपल्याला जमेल, थोडी घेऊ’ हा विचार शहाणा भासू लागतो. अशा वेळी काल-परवा आलेला, डोळे सुजलेला नवा माणूस बोलतो, तेव्हा जुन्याला स्वतःची जुनी अवस्था समोर दिसते. नव्याला आधार मिळतो हे तर झालंच.

यात श्रद्धेचा भाग किती, असं विचारणारे बरेच. वैद्यकीय संशोधनाच्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात २७ अभ्यास तपासले. एएच्या बैठकांकडे पद्धतशीर वळवणारे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षअखेर सुमारे ४२ टक्के पूर्ण कोरडे होते, इतर उपचारांत ३५. फरक डोळे दिपवणारा नाही. पण बैठकीला खर्च जवळजवळ शून्य, आणि ती आयुष्यभर चालू ठेवता येते.

घरच्यांचं काय? मुक्तांगणात पत्नींसाठी ‘सहचरी’ गट आहे. नवरा सुधारला तरी खिसे तपासायची सवय सुटत नाही, संशय जात नाही. हे सासरी-माहेरी बोलता येत नाही, इथे बोलता येतं.

आणि घसरलेला? स्लिप झाली की माणूस लाजेने यायचंच टाळतो, आणि धोका तिथेच वाढतो. म्हणून जुनी मंडळी नेहमीचा माणूस दिसला नाही की फोन करतात आणि ‘प्यायलास का?’ हे विचारण्याआधी ‘येतोस ना?’ असं विचारतात.