दोन पगार आणि बडोद्यातला फ्लॅट

चाळीस लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता ३४,७१३ रुपये पडतो. घर शोधणाऱ्या जोडप्यांना हा आकडा एव्हाना पाठ झालेला असतो. पण त्याच्या पोटात दडलेला दुसरा आकडा थक्क करणारा आहे. दहा वर्षे एकही हप्ता न चुकवता भरा, तरी चाळीसपैकी अठ्ठावीस लाख देणे बाकीच असते. निम्मे कर्ज फिटायला तेरा वर्षे दहा महिने लागतात.

यात कुणाची लबाडी नाही, शुद्ध गणित आहे. पहिल्या महिन्याचे व्याजच २८,३३३ रुपये होते, म्हणून मुद्दलाच्या वाट्याला येतात जेमतेम ६,३८०. पुढच्या महिन्यात व्याज पंचेचाळीस रुपयांनी उतरते आणि तेवढेच पंचेचाळीस मुद्दलाकडे वळतात. सुरुवात इतकी संथ. मात्र हेच गणित उलट्या दिशेने चालवून पाहा. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे जवळजवळ चौदा हप्ते गळून पडतात. म्हणजे एका लाखाने पावणेपाच लाख वाचले! बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर अशी जादा रक्कम भरायला दंडही लागत नाही. चक्रवाढीची ही ताकद शाळेत सूत्र म्हणून शिकवतात. ती स्वतःच्या घरात काय करू शकते, हे कुणीतरी लग्नाआधीच सांगायला हवे.

तिशीतल्या माणसाला पुढची वीस वर्षे आजच उसनी मिळतात, ही सोयही मुळात किती नवी आहे! हसमुखभाई पारेख आयसीआयसीआयमधून निवृत्त झाले आणि १९७७ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी घरकर्जासाठी एचडीएफसी उभी केली. तोवर नोकरदार माणूस बहुधा निवृत्तीचा फंड हाती आल्यावरच घराचा विचार करी. पण थोड्याथोडक्या बचती एकत्र करून त्यातूनच सभासदांना कर्ज द्यायचे, ही कल्पना बडोद्याला त्याहून फार जुनी. १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी इथे अन्योन्य सहकारी मंडळी सुरू केली, सहकारी पतसंस्थांचा कायदा व्हायच्या पंधरा वर्षे आधी. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचा उल्लेख होतो, आणि ती मराठी माणसाने बडोद्यात काढलेली आहे. बडोद्यातल्या मराठी घरांत हे नाव मुलांना सांगायला हवे असे मला मनापासून वाटते.

पैसा मिळाला तरी जमीन लागतेच. मुंबईच्या उपनगरात दोन बेडरूमच्या साध्या फ्लॅटची किंमत सहज कोटीपार जाते. बडोद्यात गोत्री, भायली, कलाली, वाघोडिया रोड अशा बाजूंना पन्नास लाखांच्या आतबाहेर शोध घेता येतो. समुद्राने अडवलेली मुंबई आणि चहूबाजूंनी सपाट बडोदे हा फरक तर उघडच आहे. पण दुसरे कारण नकाशाच्या कागदावर आहे: टीपी, म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम. गावाबाहेरची वेडीवाकडी शेते कागदावर एकत्र केली जातात. त्यातून रस्ते, बागा, शाळा आणि सरकारी विक्रीचे भूखंड यांसाठी सुमारे चाळीस टक्क्यांपर्यंत जमीन काढतात, आणि उरलेली जमीन चौकोनी प्लॉट पाडून मूळ मालकांनाच परत देतात. मालकाची जमीन घटते, पण तिच्यापुढे रस्ता येतो आणि भाव चढतो. सगळी जमीन कुणाचीच जात नाही आणि शहराला रस्ते मिळतात. ही युक्ती मुंबई इलाख्याच्या १९१५ च्या कायद्यातली. पुण्यात डेक्कन, एरंडवणे भागातल्या पत्त्यांवर अजून दिसणारा ‘एफपी नंबर’ म्हणजे अशाच योजनेत पडलेला अंतिम प्लॉट. पुढे महाराष्ट्राने हा मार्ग फारसा वापरला नाही. गुजरातने मात्र १९७६ च्या कायद्यातही तो सोडला नाही. त्यामुळे रस्ता असलेली, बांधता येण्याजोगी जमीन शहराच्या कडेला तयार होत राहते, आणि दोन पगारांच्या जोडप्याला त्याचा फायदा मिळतो.

आता रोख हिशेब. पन्नास लाखांच्या फ्लॅटला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जास्तीत जास्त ऐंशी टक्के, म्हणजे चाळीस लाख कर्ज. दहा लाख स्वतःचे. शिवाय पूर्ण किमतीवर ४.९ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे २ लाख ४५ हजार, आणि दस्तावेजाच्या नोंदणीचा एक टक्का, पन्नास हजार. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर नोंदणी शुल्क माफ, नवराबायको दोघांच्या नावावर असेल तर नाही. बीयू, म्हणजे इमारत वापराची परवानगी न मिळालेल्या, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पाच टक्के जीएसटी वेगळा. मात्र किंमत पंचेचाळीस लाखांपर्यंत आणि कार्पेट नव्वद चौरस मीटरच्या आत असेल तर हाच कर एक टक्का. म्हणून पंचेचाळीस लाखांवर पंचेचाळीस हजार आणि शेहेचाळीस लाखांवर दोन लाख तीस हजार! एका लाखाच्या फरकाने कर पाचपट होतो. बिल्डरशी घासाघीस करताना ही रेघ डोळ्यांपुढे असावी.

तयार फ्लॅटलाच हातात तेरा लाख हवेत. माझ्या मते मध्यमवर्गीय जोडप्याची खरी अडचण हप्त्यापेक्षा इथे आहे. दोघांचे मिळून नव्वद हजार घरी येत असतील तर पस्तीस हजारांचा हप्ता झेपतो. पण मूल झाल्यावर एक पगार वर्षभर थांबला तर? उरलेला एक पगार एवढा भार उचलू शकत नाही. म्हणून सहा हप्त्यांचे दोन लाख वेगळे न ठेवता बानाखतावर, म्हणजे खरेदीच्या करारावर, सही करू नये.

भाड्याची बाजूही बघा. घरभाडे वर्षाला किमतीच्या साधारण दोन ते तीन टक्के असते. पन्नास लाखांच्या घराला ते महिना साडेबारा हजारांच्या आत राहते. भाड्याने राहून दरमहा वीस हजार सात टक्क्यांनी साठवले, तर पाच वर्षांत चौदा लाखांवर रक्कम जमते. दरम्यान भाव चढतील, हे खरे. तरीही रिकाम्या हाताने, वैयक्तिक कर्ज काढून डाउन पेमेंट भरण्यापेक्षा ही पाच वर्षे मी स्वस्त मानेन.

जागा बघायला जाल तेव्हा ब्रोशरवरचे सुपर बिल्टअप सोडून गुजरेरावर, म्हणजे गुजरातच्या रेरा संकेतस्थळावर, नोंदलेले कार्पेट क्षेत्रफळ वाचा, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीच्या पुराचे पाणी त्या सोसायटीत कुठवर आले होते ते शेजाऱ्यांना विचारा. दोन पगार, हातात तेरा लाख आणि बाजूला ठेवलेले सहा हप्ते असतील, तर बडोद्यात घर घेणे आजही शक्य आहे. यातले एक जरी कमी असेल, तर आणखी थोडी वर्षे भाड्यानेच राहा.