लघुरेल्वेचे सिग्नल व कमी दाबाची वीज

पुण्यात कोथरूड येथे १९९८ साली लघुरेल्वेचे संग्रहालय सुरू झाले. ते पाहून आलेल्या मुलांस तशी गाडी आपल्या घरी असावी असे वाटल्यावाचून राहत नाही. रूळ व इंजिन आणणे सोपे. परंतु सिग्नल, स्थानकावरील दिवे आणि सांधे बदलणारी यंत्रे यांस वीज कोठून द्यावयाची, हा प्रश्न मागाहून उभा राहतो. त्यात हौसेइतकाच मुलांच्या जिवाचाही संबंध असल्यामुळे त्याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

घरातील वीज २३० व्होल्ट दाबाची असते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत खेळण्यांतील काही गाड्या घरच्या विजेवरच चालत. दाब उतरविण्यासाठी मध्ये केवळ एक दिवा जोडीत. दिव्यामुळे दाब घटे खरा, परंतु रूळ मुख्य तारेशी जोडलेलेच राहत. मार्कलिन कारखान्याने १९२६ साली २० व्होल्टची पद्धती आणून हा धोका दूर केला. ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन स्वतंत्र वेटोळी असतात. एकातील शक्ती दुसऱ्यात तारेवाटे नव्हे, तर लोखंडी गाभ्यातील चुंबकत्वावाटे पोहोचते. ही फारकत हेच खरे संरक्षण होय. विद्युत खेळण्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकाने २४ व्होल्टची मर्यादा घातली आहे, तीही याच दृष्टीने.

गाडीचा पुरवठा आणि सिग्नलांचा पुरवठा वेगळे असावेत. गाडीची गती कमी करताना रुळांवरील दाब उतरतो. त्याच तारेवर सिग्नल असल्यास तेही मंदावतात. सिग्नलांस १२ व्होल्टचा स्थिर एकदिश पुरवठा सोयीचा पडतो.

एल.ई.डी. दिवा मात्र १२ व्होल्टवर सरळ जोडू नये. तो तत्काळ जळतो. तांबड्या दिव्यास सुमारे २ व्होल्ट पुरतात. उरलेले १० व्होल्ट रोधकाने सोसावयाचे. प्रवाह १० मिलिअँपिअर ठेवावयाचा असेल, तर १० भागिले ०.०१ म्हणजे १००० ओहमचा रोधक हवा. त्यात एकदशांश वॉट उष्णता निर्माण होते. म्हणून पाव वॉटचा रोधक पुरेसा आहे.

पुरवठा किती मोठा घ्यावा, याचे उत्तर व्यापाऱ्यास जमाखर्चाच्या वहीत सापडेल. वीस सिग्नलांत प्रत्येकी एक दिवा पेटत असल्यास २०० मिलिअँपिअर. स्थानकाचे दहा बारीक दिवे प्रत्येकी ६० प्रमाणे ६००. एकूण खर्च ८००. एक अँपिअरचा पुरवठा घेतल्यास पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. सारे भांडवल गुंतवून ठेवणारी पेढी जशी पहिल्याच धक्क्यास डगमगते, तसा पूर्ण भार वाहणारा पुरवठा तापतो.

सांध्यांच्या यंत्रांचा स्वभाव निराळा आहे. त्यांतील वेटोळ्यास क्षणभरच, पण कित्येक अँपिअर प्रवाह लागतो. बटन दाबलेलेच राहिले, तर वेटोळे जळून जाते. यास्तव मध्ये मोठा कंडेन्सर बसवितात. तो हळूहळू भरतो व एकदम रिता होतो; मग बटन दाबलेले राहिले तरी पुढे अल्पच प्रवाह वाहतो आणि सिग्नलही लुकलुकत नाहीत.

आता तीन पथ्ये. पहिले, कमी दाबाच्या विजेचा झटका बसत नसला तरी तिने आग लागू शकते. १२ व्होल्टवर १० अँपिअर म्हणजे १२० वॉट. एवढ्याने बारीक तार लाल होते. म्हणून प्रत्येक शाखेस योग्य फ्यूज घालावा. दुसरे, दोन ट्रान्सफॉर्मरांची कमी दाबाची टोके एकत्र जोडू नयेत. एकाचा प्लग काढला, तरी दुसऱ्याची वीज त्यात उलट शिरते आणि त्या उघड्या प्लगच्या पिनांवर घातक दाब येतो. तिसरे, २३० व्होल्टची पेटी घरी उघडू नये. मानक ब्यूरोची खूण असलेली बंद पेटीच घ्यावी.

आमच्या सभासदांपैकी जे विद्युत सामानाचा वा खेळण्यांचा व्यापार करतात, त्यांनी ग्राहकास व्होल्ट विचारून न थांबता दिवे किती, यंत्रे किती हेही विचारावे. चार आणे वाचविण्यासाठी खूण नसलेला माल लहान मुलाच्या हाती देणे आपल्या अहिंसाधर्मास शोभणारे नाही. योग्य माल दिला, तर पेढीची पत वाढते आणि घरातील मूलही निर्धास्तपणे खेळते.