अडतीवरची रीत

बिदर आणि कलबुर्गी हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षी राज्याची सीमा बदलली. बाजारातील बोली मात्र बदलली नाही. येथील अडतीवर आजही मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही भाषा कानी पडतात.

तूर खरेदीस येणाऱ्या परक्या व्यापाऱ्याने आल्याबरोबर भाव विचारू नये. लिंगायत अडत्यास ‘शरणु’ म्हणावे, मुसलमान अडत्यास ‘सलाम’. पाऊसपाण्याची चौकशी करावी. पुढे केलेला चहा नाकारू नये. तो माणसाचाच अव्हेर समजला जातो.

तोंडावर ‘नाही’ म्हणणे येथे असभ्य मानतात. ‘बघू’ याचा अर्थ बहुधा नकारच. तेव्हा ‘कोणत्या दिवशी?’ असे विचारावे. दिवस सांगितला तर होकाराची आशा धरावी.

परंतु सौजन्य म्हणजे आडपडदा नव्हे. पूर्वी बाजारांतून रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरे. शेतकरी शेजारी उभा असूनही त्यास तो कळत नसे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी उघडा लिलाव आणला, तो याचसाठी. म्हणून चहा आदराने घ्यावा, आणि उठण्यापूर्वी वजन, भाव व अडत यांची पट्टी लिहून घ्यावी. त्यात अडत्याचा अविश्वास नाही. ज्याने तूर पिकवली, त्याचा तो हक्क आहे.