गिधाडे गेली, कुत्री वाढली

एका जीवाची संख्या दुसऱ्याच्या हाती असते, असे आम्ही म्हणतो, ते कसे? गिधाडांचेच पाहा. आजारी गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसात उरे. ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे शेकडा ९९ हून अधिक घटली. मढी उघड्यावर राहिली, त्यांवर भटकी कुत्री पोसली, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचे भय माणसाच्या दाराशी आले. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली. परंतु गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. औषध थांबविता येते, गेलेली संख्या हुकुमाने परत येत नाही. ज्याला आपण ओंगळ म्हणतो, तोच आपली राखण करीत होता.